आभार मानून झाल्यावर

माझी वहिनी दिवसभर जगाचं ऐकते आणि घरात कुणाचं म्हणून ऐकत नाही. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, पाठीमागे कुजबुजायची मला सवय नाही. ती हेडफोन एका कानावरून उचलते, "काय म्हणालात वन्सं?" असं विचारते, आणि मी पुन्हा तोंड उघडेपर्यंत तो परत लावून मोकळी होते. लग्न होऊन आली तेव्हा मला याचा फार राग यायचा. आता मी सरळ तिच्या टेबलावर कात्री आपटते.

तिचं काम असं की एका संशोधन केंद्रातून तिला लोकांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती येतात आणि त्या ऐकून तिने शब्दाला शब्द टाइप करायच्या. हात टाइप करण्यात गुंतलेले असतात, म्हणून आवाज पायाने चालवायचा. टेबलाखाली तिचं एक पेडल आहे. दाबलं की बोलणं सुरू, पाय उचलला की बंद. त्याच खोलीत खिडकीशी माझं शिलाईचं मशीन, तेही पायाचंच. दादा, म्हणजे माझा भाऊ आणि तिचा नवरा, संध्याकाळी दारातूनच म्हणतो, "दोन बायका सकाळपासून पाय मारतायत आणि आहेत तिथंच आहेत." हा विनोद अजून ताजा आहे असं त्याला मनापासून वाटतं.

कामात वहिनी म्हणजे एकदम काटेकोर. केंद्राने नियम घालून दिलेत आणि ते तिला तोंडपाठ आहेत. खोकला लिहायचा नाही. "अं" आणि "म्हणजे कसं" लिहायचं नाही. मध्येच कुकरची शिट्टी झाली, शेजारीण डोकावली, तर तेही सोडून द्यायचं. मुलाखत घेणारी शेवटी म्हणते, "तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे," तिथे मुलाखत संपते. पण बरेचदा ती रेकॉर्डर बंद करायला विसरते, मग तो पिशवीत पडल्या पडल्या चालूच राहतो. खुर्ची सरकल्याचा आवाज, पिशवीची चेन, चपला, दाराशी काहीतरी बोलणं. या भागाला हे लोक शेपूट म्हणतात. शेपूट टाइप करायचं नाही. वहिनी तेवढा भाग कापूनच टाकायची आणि उरलेली मुलाखत स्वच्छ करून पाठवायची. तिचं काम इतकं स्वच्छ की केंद्रातल्या मॅडम दुसऱ्या कुणाला फाइल द्यायच्याच नाहीत.

आता आईबद्दल सांगते, कारण तिच्यामुळेच हे सगळं झालं. आमची आई आतल्या खोलीत असते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, आणि जीभ माझ्यावर गेलीये असं लोक म्हणतात. तिला विचारा, "काही हवंय का?" ती म्हणणार, "मला मेलीला काय हवं असणार?" तुम्ही शेजारी बसा, गप्पा मारा, पुन्हा विचारा. काही नको. आणि तुम्ही उठून दारापर्यंत पोचलात की मागून येतंच, "जाता जाता तेवढी खिडकी लाव." ती लावली की, "जाता जाता तेवढं पाणी इकडे सरकव." माझं डोकं फिरतं. मशीनवर गिऱ्हाइकाचं काम अडकलेलं असतं आणि इथे दारातून तीन तीन वेळा परत फिरायचं. इतका वेळ शेजारी बसले होते तेव्हा काय तोंड शिवलं होतं?

गेल्या काही महिन्यांत वहिनीकडे जे काम होतं ते एका हॉस्पिटलसाठी होतं. खांद्याचं ऑपरेशन झालेली, एकटी राहणारी म्हातारी माणसं. ऑपरेशननंतर हॉस्पिटलची नर्स त्यांच्या घरी जाऊन बघून येते. या भेटी खरंच लागतात, की नर्सशिवायही लोकांचं भागतं, हे केंद्राने शोधून सांगायचं आणि त्यावरून हॉस्पिटल भेटी चालू ठेवायच्या की बंद करायच्या ते ठरवणार. एक तरुण मुलगी रेकॉर्डर घेऊन घरोघर जायची. तिला मी मुलाखतवाली म्हणते. ती वाळल्या काडीसारखी आहे, पण गोड बोलते. समोरच्याला वाटतं, हिला नाराज कसं करायचं.

वहिनी खुशीत होती. जेवताना सांगायची, "बरे आहेत हो सगळे. केस कोण विंचरतं विचारलं तर म्हणतात, मीच. कपडे? माझे मी घालते. वरच्या फळीवरचं काढता येतं का? येतं की." नावं-गावं ती कधी सांगत नाही, तो नियमच आहे. पण आवाजांना तिने आपली टोपणनावं दिलेली. त्यातल्या एक आजी तिच्या फार लाडक्या होत्या. ठसक्यात बोलायच्या, मुलाखतवालीलाच उलट प्रश्न करायच्या, "तुझं लग्न झालं का? नाही? शहाणी आहेस." वहिनी हेडफोनमध्ये एकटीच हसायची आणि मला वाटायचं, हिला झालंय काय.

मग एका दुपारी वहिनी आईला चहा द्यायला गेली. बसली, बोलली, काही हवंय का विचारलं. काही नको. उठून दारात आली आणि आतून आवाज, "जाता जाता तेवढा वरचा डबा काढून दे गं."

मी मशीनवरूनच ओरडले, "ती बसली होती तेव्हा का नाही सांगितलंस?"

आई म्हणाली, "ती बसली होती तेव्हा कशाला सांगू?"

मी कपाळावर हात मारला. पण वहिनी तिथेच दारात रिकामा कप घेऊन उभी राहिली. डबा काढून दिला तिने, पण येऊन खुर्चीत बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. हेडफोन लावला, कुठली तरी जुनी फाइल काढली आणि पेडल दाबलं. ती टाइप करत नव्हती. नुसती ऐकत होती. मग पाय उचलला, हेडफोन गळ्यात उतरवला.

"वन्सं, त्या आजी आहेत ना," ती म्हणाली, "त्या शेपटात बोलल्यात. जाता जाता तेवढी पाठीवरची बटणं लावून दे गं मुली, सकाळपासून उघडीच आहेत."

"बरं मग?"

"आणि मी टाइप केलंय, कपडे माझे मी घालते."

पुढचे दोन दिवस तिने मूळ फाइली काढून सगळी शेपटं ऐकली. कुणी म्हणत होतं, बाटलीचं झाकण तेवढं फिरवून दे. कुणी म्हणत होतं, ही चादर पिळून दे, माझ्याच्याने पिळत नाही. एका आजोबांनी कंगवा पुढे केला असावा, कारण मुलाखतवाली म्हणते, "भांग कुठल्या बाजूला पाडू?" मुलाखतीत प्रत्येकाने छातीठोकपणे सांगितलेलं, माझं मी करतो. आभार मानून झाले की दाराशी खरं बाहेर यायचं. आणि ते वहिनीच्या कात्रीखाली जायचं.

वहिनीचं जेवण सुटलं. भात चिवडत बसायची. मी म्हटलं, "नियम तू केलास का? त्यांनी सांगितलं कापा, तू कापलंस. तुझा काय दोष?"

"नियम त्यांचा," ती म्हणाली, "पण कान माझे होते ना. मला ऐकू येत होतं, वन्सं. पण लिहायचं नाही म्हटल्यावर मी ऐकायचंही थांबायचे. आता या लोकांची नर्स बंद होणार, आणि ती माझ्या हातून."

दादा समजूत काढायला गेला आणि म्हणाला, "जाऊ दे, कुणाला कळणार आहे?" त्यानंतर तीन दिवस त्याच्याशी ती बोलली नाही. तो मला म्हणाला, "मी काय वाईट बोललो?" मी म्हटलं, "तू गप्प बसून पाय मार."

शेवटी केंद्रात जाऊन मॅडमना सांगायचं ठरलं. वहिनीला एकटीला जायचा धीर होईना, म्हणून मीही बरोबर गेले. चिंचोळी खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, खिडकीत एक वाळत चाललेलं झाड. मला वाटलं होतं मॅडम फाडफाड बोलतील आणि मग मीही बोलेन. मी तयारीनेच गेले होते. पण त्या बाई शांत निघाल्या. वहिनीचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही म्हणता ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण ही माणसं बोलली तेव्हा त्यांना वाटत होतं रेकॉर्डर बंद आहे. म्हणजे हे त्यांनी आपल्याला सांगितलेलंच नाही. आपण ते चोरून ऐकलंय. चोरून ऐकलेलं मी अहवालात कसं घालू?"

"पण मग अहवाल खोटा होतोय," वहिनी म्हणाली. इतक्या मोठ्याने ती घरातही बोलत नाही.

मॅडमनी चष्मा उचलून परत घातला. "होतोय," त्या म्हणाल्या.

मी भांडायला आले होते, पण भांडायला कुणी समोर राहिलंच नाही. दोघी बरोबर होत्या, आता काय करता? मग मॅडमनी मुलाखतवालीला बोलावलं. तिला कळलं तशी ती लालेलाल झाली. "मला वाटलं ती घरातली बारीकसारीक कामं," ती म्हणाली. "म्हातारं माणूस म्हणतंय तर करून द्यायची. मी तो मुलाखतीचा भाग धरलाच नाही." कुणी मोठ्या माणसाने काम सांगितलं तर ते करायचं, असं तिच्या आईने शिकवलेलं, आणि केंद्राने शिकवलेलं की मुलाखत आभारापाशी संपते. दोन्हीकडचं शिकवलेलं तिने इमानदारीत पाळलं होतं.

ठरलं ते असं. मुलाखतवालीने पुन्हा एकेकाच्या घरी जायचं, चुकून काय रेकॉर्ड झालंय ते सांगायचं आणि ते वापरू का म्हणून विचारायचं. जे हो म्हणतील त्यांचं शेपूट वहिनीने टाइप करायचं. जे नाही म्हणतील त्यांचं कायमचं पुसायचं.

बहुतेकांनी हो म्हटलं. आजोबा म्हणाले, "लिहा की. भांग मात्र उजवीकडे, तेवढं नीट लिहा." वहिनी झपाट्याने टाइप करत होती, दोन घास जास्त जेवत होती. फक्त आजींचं यायचं होतं.

आजींनी नाही म्हटलं. मुलाखतवालीने येऊन सांगितलं ते असं. आजी म्हणाल्या, "यंत्राशी काय बोलायचं ते माझं बोलून झालं होतं. ते मी तुझ्याशी बोलले. पुसून टाक."

वहिनीने पुसलं. पुसायला एक बटण पुरतं, पण ती सबंध दुपार त्या टेबलाशी बसून होती. मी मशीन बंद ठेवलं. उगाच आवाज कशाला.

अहवाल गेला. हॉस्पिटलने भेटी सरसकट बंद केल्या नाहीत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ज्यांना हाताची कामं जमत नाहीत त्यांच्याकडे नर्स जाईल, बाकीच्यांकडे नाही, असं ठरलं, आणि नर्सने प्रत्येकाला विचारून घ्यायचं. आजींना तिने विचारलं तेव्हा आजींनी ठसक्यात उत्तर दिलं, माझे कपडे माझे मी घालते. नर्स बंद.

हे मुलाखतवालीकडून कळलं आणि वहिनी पुन्हा मूळ पदावर आली. मला खरंच चीड आली. "अगं, त्या बाई स्वतः नाही म्हणाल्या. तोंडाने. दोनदा. आता तू का स्वतःला खात बसलीयेस?"

"कारण मला माहितीये," ती म्हणाली. "नर्सला माहीत नाही, मॅडमनी विसरायचं ठरवलंय. मी पुसलं, पण माझ्या कानातून कुठे पुसलं गेलंय? त्यांची पाठ सकाळपासून उघडी असते, वन्सं, आणि मी इथे चहा पितेय."

काही वेळाने तिने विचारलं, "मागची बटणं पुढे घेता येतात का हो?"

आता मला कुणी शिलाईतलं विचारलं की माझा राग विरघळतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी म्हटलं, "का नाही? पुढून उघडणारा शिवू. बटणंही नकोत, चपलांना असते तसली चिकटपट्टी लावू, एका हाताने लागते. पण माप? का आवाजावरून घेऊ?" मुलाखतवालीला बोलावलं. तिने हवेत हात धरून दाखवलं, एवढ्या रुंद, एवढ्या उंच, आणि मग म्हणाली माझ्या आईएवढ्याच आहेत. तिच्या आईच्या मापावर मी दोन ब्लाउज बेतले. मऊ कापड घेतलं, काखेत सैल ठेवलं. वहिनी शेजारी बसून शिलाई उसवायला नि दोरे कापायला मदत करत होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. खरं सांगते, मीही खूश होते. म्हटलं, चला, कागदाने जमलं नाही ते कापडाने जमलं.

मुलाखतवाली पुडकं घेऊन गेली. दोन-तीन दिवसांनी परत आली तेव्हा पुडकं तिच्या हातातच होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

वहिनी उभी राहिली. "रागावल्या का? हे कुणी पाठवलं म्हणून विचारलं असेल."

"विचारलं. मी सांगितलं, जी ताई रेकॉर्डिंग ऐकते तिने पाठवलंय. रागावल्या नाहीत हो. कापडावरून हात फिरवला, शिलाई बघितली. म्हणाल्या, हात चांगला आहे." मुलाखतवाली माझ्याकडे बघून थांबली. "मग म्हणाल्या, त्या ऐकणाऱ्या बाईला सांग, बटणं मागंच बरी. पुढं आली तर तू कशाला येशील?"

मग मीच विचारलं, "तू अजून जातेस त्यांच्याकडे?"

"ऑफिसला जाताना डोकावते," ती म्हणाली. "तेवढी बटणं लावून पुढं जाते. चहा करतात त्या. डाव्या हाताने करतात, पण करतात. त्यांना लावता येतात का नाही, मला खरंच माहीत नाही. मी कधी विचारलं नाही." आणि जाता जाता म्हणाली, "हे मॅडमना सांगू नका हां."

ती गेल्यावर वहिनी ते पुडकं मांडीवर घेऊन बसली. रडली नाही. "आधी मी त्यांचं शेपटातलं बोलणं कचऱ्यात टाकलं," ती म्हणाली. "मग ते उचलून आणलं आणि त्यातली नुसती बटणं मोजली. वन्सं, त्या बाई बटणांचं बोलतच नव्हत्या. मी ते इतक्यांदा ऐकलं, आणि मला एकदाही ऐकू आलं नाही."

मी तिच्या मांडीवरचं पुडकं उचलून कपाटात ठेवलं.

मी उठून आईच्या खोलीत गेले. तिच्या उशीचा अभ्रा शिवून झाला होता, तो घालायचं निमित्त होतं. घातला. पाच मिनिटं बसले. काही हवंय का विचारलं. "मला मेलीला काय हवं असणार?" म्हणाली. मी उठले. दाराशी पोचले.

"जाता जाता तेवढी खिडकी लाव गं."

मी वळून पाहिलं. खिडकी लावलेलीच होती. सकाळी मीच कडी घातली होती, आणि आई तेव्हा जागी होती. एरवी मी म्हटलं असतं, डोळे फुटले का, लावलेली दिसत नाही? किती वेळा म्हटलं असेल मी हे, देव जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी खिडकीशी गेले. कडी काढली, खिडकी उघडली, परत लावली, कडी घातली. मग दाराकडे न जाता तिच्या पायाशी बसले.

आईने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "आता का बसलीस? काम नाही का तुला?"

"आहे," मी म्हटलं. "तू बोल."